बोंबील टांगताना वाचायच्या कादंबऱ्या

सातपाटीत सून म्हणून आलेल्या हेमांगीला वाचनाचं भारी वेड. बोईसरला वाढलेली पोर ती, आणि इथे बघावं तिकडे बोंबीलच बोंबील! तोंडात तोंड अडकवून जोड्या करायच्या नि बांबूच्या वलांडीवर वाळत टांगायच्या. शेवटी तिने कामाला जमलेल्या बायांसमोर सासूला, येसूबाईला गळ घातली, "आई, माझ्या वाटचं मी मागाहून करीन. तुमी हात चालवा, मी वाचून दाखवते."

येसूबाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. "वाच. पन बायांचे हात थांबले तर पुस्तक खाडीत!"

झालं! हेमांगी वाचनालयातून वेगवेगळ्या काळातल्या ऐतिहासिक कादंबऱ्या आणू लागली. सातवाहनांच्या काळातली, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची आणली, तर बाया पेंगल्या. पेशवाईतली आणली, तर सरदारीणबाईंच्या दागिन्यांपाशी सगळ्यांचे हात थबकले. "ही बया काम कवा करते गो?" शेजारच्या रत्नाबाईने विचारलं. वसईच्या वेढ्याची मात्र लागू पडली. तोफा धडाडल्या तसे बोंबील भराभर वलांडीवर चढले. तरी येसूबाईने बजावलंच, "आता आनखी एक. नाय जमली तर वाचन बंद."

वाचन गेलं तर या घरात आपलं म्हणावं असं राहिलं काय? हेमांगीने विचार करकरून शिवकाळातल्या आरमाराची कादंबरी निवडली. समुद्र आहे, गलबतं आहेत, आवडणारच की!

आवडलीही. पण मग गोष्टीतल्या तांडेलाचं गलबत वादळात सापडलं. बाकीची परतली, त्याचं नाही. त्याची बायको किनाऱ्यावर येऊन उभी राहिली.

हेमांगीची जीभ अडखळली. तिचा नवरा निमेश लहान असताना सासरेही असेच गेले होते. बोट नाही, माणूस नाही. अगं बाई, आपल्याला हे सुचू नये? येसूबाईचे हात थांबले होते.

"आई, दुसरी आणते. मोगलाईतली एक छान आहे."

"नको. ती दुसऱ्या दिशी सकाळी काय करते, ता वाच."

हेमांगीने पान उलटलं. तिथे दरबार भरला होता. तिने पुढची पानं चाळली, शेवटचं प्रकरण पाहिलं. ती बाई पुन्हा कुठेच नव्हती.

"पुस्तकात नाय हो, आई." तिने पुस्तक मिटलं. "तुमीच सांगा ना."

येसूबाईने हातातली जोडी वलांडीवर टांगली.

"काय करनार?" ती म्हणाली. "चूल पेटवली. निमेशला भूक लागलेली."