दखल

सिस्टरने रुग्णाची नळी नीट बसवली आणि हातमोजे डब्यात टाकले, तोच शिपाई दारातून ओरडला,

"सिस्टर, अधीक्षकसाहेब बोलावतायत. अध्यक्षांनी तुमची दखल घेतलीय म्हणे!"

परवा तिने रुग्णालयाच्या अध्यक्षांच्या मेहुण्याला अतिदक्षता विभागातून हाकललं होतं. बुटांसकट, चार टाळकी घेऊन, तो व्हेंटिलेटरवरच्या म्हाताऱ्यासोबत फोटो काढायला आला होता.

"पार्टी हवी हं, मेट्रनबाई!" वॉर्डातल्या सगळ्या नर्स गोळा झाल्या. मेट्रनची जागा रिकामीच होती.

"पण गंभीर दखल असली तर?" कुणीतरी पुटपुटलं. "निलंबनच."

झालं. सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली. यांच्या आजारपणात, बाळंतपणात तिनेच रात्रपाळ्या ओढल्या होत्या. वारा येईल तशी पाठ फिरवणाऱ्या साऱ्या! तिला राग नाही, किळस आली. ती जिना उतरून अधीक्षकांच्या खोलीत गेली.

साहेबांच्या टेबलावर एकीकडे पुष्पगुच्छ होता, दुसरीकडे निलंबनाचा आदेश. मध्ये साहेब घाम पुसत बसले होते.

"यातलं माझं कुठलं?"

"तेच तर कळेना! 'त्या बाईंची दखल घ्या,' एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला."

"मग विचारा की परत."

"भलतंच! त्यांना वाटेल, मला कळत नाही."

एवढा शिकलेला माणूस आणि कणा म्हणून नाही, तिच्या मनात आलं.

"असं करा, माफी मागून टाका," साहेबांना युक्ती सुचली. "चिडले असतील तर निभावेल, खूश असतील तर विनय दिसेल."

सिस्टरने आदेशावरचं आपलं नाव वाचलं. एका शब्दात नोकरी वाचत होती.

"मागते. त्याला दारातच अडवायला हवं होतं. खाटेपर्यंत येऊ दिलं, त्याबद्दल माफी."

साहेबांच्या कानात शेवटचा शब्द तेवढा शिरला.

"बघा, किती समजूतदार!" त्यांनी आदेश टराटरा फाडला, गुच्छ तिच्या हातात कोंबला आणि घाईघाईने फोन लावला. "सर, घेतली दखल. माफी मागितली त्यांनी."

"माफी? कशाबद्दल?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला.

साहेबांनी रिसीव्हरवर हात ठेवला. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"सिस्टर, कशाबद्दल म्हणालात?"

तिने गुच्छ खुर्चीवर ठेवला आणि हात पुढे केला.

"द्या इकडे. मीच सांगते."