नुसते रंगीत चौकोन

अकोल्याच्या सुभद्राबाई एकट्याच राहत. अमरावतीच्या धाकट्या बहिणीशी, रागिणीशी, आईच्या आजारपणात भांडण झालं, तेव्हापासून बोलणं बंद होतं. पण मोबाइलवरचं पाच अक्षरांच्या शब्दाचं कोडं दोघी रोज सोडवत आणि ते किती प्रयत्नांत सुटलं हे दाखवणारे रंगीत चौकोन एकमेकींना पाठवत. त्यापलीकडे काही नाही.

आठवडाभर रागिणीचे चौकोन आले नाहीत, तेव्हा सुभद्राबाईंनी फोन केला. तो भाचीनं, प्रतीक्षानं उचलला.

"मावशी, आईले लकवा मारला. बोलताच नाही येऊन राहिलं तिले."

"मले कावून नाही सांगितलं?"

"तुमी दोघी बोलत कुठं होत्या?"

सुभद्राबाई मिळेल त्या एसटीनं अमरावतीला गेल्या. रागिणीच्या पलंगाशी बसून इतक्या वर्षांचं सगळं बोलल्या. रागिणी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.