सायलसची रेघ

बंदरावर पहाट उतरत होती. दोनशे वर्षांमागची, धूसर, दुग्धधवल, जलगंधी पहाट. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या गलबतांच्या शिडांवरून ती हलकेच ओघळली, आणि सायलस रंगाऱ्याच्या खिडकीतून आत आली.

आत खुर्च्याच खुर्च्या! हिंगुळवर्णी, पाचूवर्णी, काजळकाळ्या; पाठींवर द्राक्षवेली, पायांवर सोनेरी रेघा. बसायच्या कसल्या, नुसत्या बघत राहायच्या खुर्च्या. आणि त्यांच्यामध्ये शाल गुंडाळून, गुडघे टेकून टॅबिथा. सायलसची बायको, एकोणचाळीस वर्षांची सोबतीण.

सायलसची रेघ म्हणजे रेघ! सारं शहर म्हणे, पट्टी लावून बघा. पण गेल्या वसंतात हाताला कंप सुटला हो. रेघ नागमोडी जाऊ लागली, आणि त्याच्या अधू नजरेला ती सरळच दिसे.

तेव्हापासून तो उठायच्या आत ती चोरपावलांनी येई, त्याची वाकडी रेघ पुसे, शिंपल्यात कालवलेल्या सोन्याच्या रंगाने नवी ओढी. त्याला कळलं तर? रेघ गेली तर हा माणूस उरेल कुठं?

आज दार करकरलं. उंबऱ्यात सायलस. तिच्या हातात कुंचला, फडक्यावर त्याचं पुसलेलं सोनं. मुद्देमालासकट सापडलेल्या चोरासारखी ती थिजली.

"कधीपासून?"

"अहो... सफरचंदाला बहर आला, तेव्हापासून."

"म्हणजे त्या लग्नाच्या बारा खुर्च्या? ज्यांच्यासाठी लोकांनी माझी पाठ थोपटली?"

तिनं होकारार्थी मान हलवली. तो मटकन खाली बसला. संपलं सारं, तिला वाटलं. आपल्याच हातांनी आपण याला मोडलं.

मग तो सरकत पुढे आला, तिच्या रेघेला नाक टेकेस्तोवर वाकला.

"वळणावर मनगट उचलतेस तू," तो खरखरत्या आवाजात म्हणाला. "उचलू नये, बाई. करंगळी टेकव. हं, ओढ आता."

ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. त्यानं खुर्ची धरली. हात कापत होते, खुर्चीही कापू लागली. तेव्हा त्यानं ती दोन्ही बाहूंत कवटाळली, लेकराला घ्यावं तशी, आणि श्वास रोखला.

त्या एका श्वासापुरतं सारं स्थिर झालं. तेवढ्यात रेघ निघाली. वळली, उतरली, तळाशी पोचली. सायलसचा श्वास सुटला. ओलं सोनं सावकाश सुकत गेलं, आणि दोन पांढरी मस्तकं, एकमेकांना टेकलेली, बघत राहिली, बघतच राहिली.