'काय नाय' म्हणजे किती?

मी कळकाटा बोलतोय. हसू नका. बाजारात मासळी तोलायचा काटा असतो ना, तसा मी माणसाला लागलेली कळ तोलणारा. निदान मला विकणाऱ्यांनी तरी तशी दवंडी पिटली होती.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. आत पोलादी स्प्रिंग, बाहेर पितळेची नळी, टोकाला बुचाची बोथट टोपी आणि पोटावर एक काटा. टोपी तळहातावर टेकवून दाबत जायचं आणि माणूस 'दुखलं' म्हणाला की काटा कुठवर आला ते पाहायचं. १८९४ साली ठाकूरद्वारच्या डॉक्टर विजयकरांनी मला आगबोटीने मागवलं. त्यांचे कंपाउंडर अप्पा यांनी माझं बारसं केलं.

डॉक्टर हुशार होते, पण त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. शिकलेल्या माणसाला कळ लवकर लागते आणि कष्टकऱ्याला उशिरा, कारण कष्टकऱ्याची जाणीवच बोथट, असं भाषण त्यांना एका सभेत ठोकायचं होतं. त्यासाठी ते दिसेल त्याचा हात माझ्याखाली धरायचे. कचेरीतले कारकून काटा जेमतेम हलतोय तोच 'आई गं' करायचे. परळच्या गिरणीतले हमाल म्हणायचे, "काय नाय, दाबा." की डॉक्टर खूश!

मला भारी राग यायचा. अहो, मी दाब दाखवतो, दाब! त्या हमालांची बोटं आकडायची, तळव्याला घाम फुटायचा, ते मला कळायचं. डॉक्टर मात्र माझ्या काट्याकडे बघत बसायचे, माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत.

अशात एका सकाळी वरळीच्या कोळीवाड्यातली गुणवंती आली. सोबत तिची नणंद सखुबाई. गुणवंती गिरगावच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या उजव्या तळहातावर पांढुरका चट्टा उठला होता आणि हा महारोगच, अशी कुजबुज सुरू झाली होती. बाजारातल्या बायकांनी तिची पाटी उचलून बाहेर ठेवली होती. डॉक्टर 'रोग नाही' म्हणाले तर जागा परत मिळणार होती. 'आहे' म्हणाले तर बाजारच काय, घरही सुटणार होतं. महारोगात चट्ट्याची जागा बधिर होते, म्हणून डॉक्टरांनी मला बाहेर काढलं.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"काय नाय."

आणखी दाबलं. "आता?"

"काय नाय, डाक्टर."

काटा शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "बधिर आहे," ते अप्पांना हळूच म्हणाले.

बधिर? माझ्या टोपीखाली तो तळवा आक्रसत होता! ओरडून सांगावंसं वाटलं, पण पितळेला तोंड कुठलं? सखुबाईला मात्र होतं.

"अगो, बोल ना बाय! दुखतंय ना तुला?"

"तुझा भाऊ दर्यात हाय," गुणवंती म्हणाली आणि तिने ओठ घट्ट मिटले.

सखुबाई डॉक्टरांकडे वळली. "मानूस होडीवर असला म्हंजे त्याची बायको 'दुखतं' हा शब्द बोलत नाय, डाक्टर. तिच्या तोंडातनं वाईट निघालं तर वारा तेच घेऊन जातो."

"अगं बाई, एका शब्दासाठी बाजारातली जागा जाईल, घर जाईल!" डॉक्टर कळवळून म्हणाले.

"जाऊ दे. मानूस जायाला नको," गुणवंती म्हणाली.

शाब्बास, पोरी! मी मनात म्हटलं. डॉक्टरांनी मला खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच समोरच्या माणसाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग ते म्हणाले, "बरं, बोलू नकोस. डाव्या हाताने माझं मनगट धर. जेवढं होतंय तेवढंच आवळ."

मला पुन्हा चट्ट्याच्या मधोमध टेकवलं. थोडं दाबलं, तिने थोडं आवळलं. दाब सैल केला, तिनेही मूठ सैल केली. जोर वाढवला, तिनेही वाढवला. डॉक्टर मुद्दाम नजर चुकवून दाबायचे, पण तिची मूठ काही चुकेना. काटा अर्ध्यावरही आला नव्हता, तोच खोलीत "आई गं!" असा आवाज झाला. तो डॉक्टरांचा होता. कारकुनांच्या पंगतीला आणखी एक पान वाढलं!

चट्टा मासळी खारवायच्या मिठाने पडला होता, एवढंच. डॉक्टर तसेच उठून बाजारात गेले आणि सगळ्यांसमोर बाही वर करून मनगटावरचे वळ दाखवत म्हणाले, "हिच्या हाताला सगळं कळतं. विश्वास नसेल तर या, कोण मनगट देतं?" कोणीही पुढे आलं नाही. गुणवंतीची पाटी पुन्हा जागेवर गेली. आणि सभेतलं ते भाषण काही झालं नाही.

होडी किनाऱ्याला लागली त्या दिवशी गुणवंती दोन सरंगे घेऊन आली आणि दारातूनच गरजली, "डाक्टर, आता ऐका! त्या दिशी लय दुखलं! मरनाचं दुखलं! आग लागो त्या मेल्या नळीला!"

शिवी मलाच होती, तरी माझी छाती फुगली.

आता माझी स्प्रिंग गेली आहे. मी दवाखान्यातल्या खणात पडून असतो. खुशाल दाबून बघा, काटा हलायचा नाही. पण म्हणून 'याला काही होत नाही' असं कुठे लिहून ठेवाल, तर याद राखा!