कुणी राहिलं का?

मी एक जुनी लिफ्ट आहे. चार माणसांची. पाचवा शिरला की कुरकुर करायची, हा माझा स्वभाव. मित्रांनो, आता मी चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकून पडले आहे, तेव्हा सांगायला वेळच वेळ आहे.

कारखान्यातून आणून मला या पाच मजली इमारतीत बसवलं, तेव्हा माझ्या पितळी पट्टीत तोंड पाहून लोक केस सारखे करत. मला चालवायला एक लिफ्टमन आले. सगळी इमारत त्यांना मामा म्हणायची. दार ओढण्याआधी ते दर वेळी बाहेर डोकं काढून विचारत, "कुणी राहिलं का?" बाहेर कुत्रंही नसलं तरी विचारत. पोरं त्यांची नक्कल करत.

पाचव्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्यांना सगळे बाई म्हणत. त्यांचे गुडघे कामातून गेले होते, म्हणून मामांनी माझ्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं. पुढे पितळ काळवंडलं आणि लोक मला खटारा म्हणू लागले. मामा मात्र दर शनिवारी तेलाची बाटली घेऊन येत.

मग युद्ध सुरू झालं. एक दिवस शेजारच्या देशाची विमानं येत, दुसऱ्या दिवशी आपली तिकडे जात. "चांगली जिरवली त्यांची," तिसऱ्या मजल्यावरचे वकील एकदा खुशीत म्हणाले. बाई स्टुलावरून हळूच म्हणाल्या, "तिकडेही कुणीतरी पाचव्या मजल्यावर राहतच असेल हो." वकील बटणांकडे बघत राहिले.

भोंगा वाजला की माझी वीज बंद करायची, असा नियम झाला. मामा तळमजल्यावरचा मेन स्विच खाली ओढत, पाच मजले चढत आणि बाईंना पाठीवर घेऊन तळघरात आणत. "मामा, माझे गुडघे गेलेतच. तुमचे तरी राहू द्या," बाई म्हणत. मामा धापा टाकत हसत. त्यांना दमा होता, आणि ते बाईंच्या मनाला लागून राहिलं होतं.

त्या सकाळी भोंगा वाजताच बाईंनी ठरवलं, आज मामांना चढायला लावायचं नाही. भिंत धरत त्या माझ्यापर्यंत आल्या, आत शिरल्या, बटण दाबलं. चौथा मजला मागे पडला आणि मी जागीच थांबले. खाली मामांनी स्विच ओढला होता. त्या दिवशी घाईत त्यांनी विचारलं नाही.

"मामा, मी इथे आहे. वर जाऊ नका," बाई दारावर थापा मारत ओरडत होत्या. भोंग्यापुढे त्यांचा आवाज तो किती. मला घंटा होती, पण तीही विजेवरच वाजणारी. मामांची पावलं माझ्या शेजारच्या जिन्याने वर गेली. "बाई, अहो बाई," अशा हाका आल्या. मग बॉम्ब पडला.

माझे ब्रेक टिकले. पाचवा मजला राहिला नाही, मामाही राहिले नाहीत. अग्निशमन दलाच्या लोकांनी दार फाकवून बाईंना बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "मामा आले का खाली?" दुसऱ्या दिवशी आपली विमानं बदला घ्यायला गेली.

स्टूल अजून माझ्या कोपऱ्यात आहे. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती लिफ्टचा स्विच येईल, कुणाच्या हाती बॉम्ब टाकायचं बटण. हात लावण्याआधी एवढंच विचारा, कुणी राहिलं का? आणि उत्तर येईपर्यंत थांबा.