चिमीची पुसलेली ओळ

मी एक जुना लष्करी संगणक आहे. मित्रांनो, सध्या लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या अडगळीत फाटक्या गाइडांखाली पडलो आहे. एके काळी मात्र माझी भारी ऐट होती. फौजेच्या इस्पितळात माहिती विभागाचे प्रमुख मेजर अमृतराव होते, मूळचे नांदेडकडच्या लोहा गावचे. ते मला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

भूकंप झाला त्या आठवड्यात आमचं इस्पितळ किल्लारीकडच्या माळावर, तंबूत होतं. प्रत्येक जखमीची माझ्यात एक ओळ होई: नाव, वडिलांचं नाव, गाव, दुखापत, पुढे कुठे पाठवलं. संध्याकाळी किती टक्के नोंदी पूर्ण झाल्या, यावर वरचे साहेब मेजरांचं काम जोखत. मेजर रोज शंभर टक्के कळवत. शाबासकी त्यांना मिळे आणि फुगत असे मी.

दुसऱ्या दिवशी चार वर्षांची एक मुलगी आली. पाय मोडलेला, अंगात लाल परकर. तिनं नाव सांगितलं चिमी, वडिलांचं अप्पा, आणि गाव म्हणे आमचं गाव. घरात वडिलांचं नाव कुणी घेतच नसे, मग तिला ते कुठून ठाऊक असणार? गाडीनं तिला मोठ्या इस्पितळात नेलं. संध्याकाळी तिची एकटीचीच ओळ अपुरी राहिली. मेजरांनी ती पुसली. शंभर टक्के झाले.

चौथ्या दिवशी तिची आई धोंडाबाई आली. तिनं लेकीचा लाल परकर सांगताच मेजरांना ती पुसलेली ओळ आठवली.

"बाई, ह्याच्यात लिवलेलं न्हाई," ते कसंबसं म्हणाले.

"लिवलं न्हाई म्हून लेकरू आलंच न्हाई व्हय, साहेब?"

"आलती. म्याच पुसली."

गाडी सोलापूरला गेली की नांदेडला, हे त्याच ओळीत होतं. मेजर तिच्यासोबत दोन्हीकडे हिंडले. चिमी सापडली नाही. पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना ते टायपिंगचा वेग नंतर तपासत. अपुरी ओळ अपुरीच ठेवून तसं वर कळवायचं धैर्य आधी तपासत.

लिलावातून मी इथे आलो. बाहेरच्या फलकावर शंभर टक्के निकाल लिहिला आहे. त्यासाठी परीक्षेआधी कच्च्या मुलांची नावं यादीतून काढतात, हे मी पाहिलं आहे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाची ओळ अपुरी असली, तर ती पुसू नका. मला चिमी आठवते, तिचा लाल परकर आठवतो. गाडी कुठे गेली, तेवढं मात्र आठवत नाही.