मूठभर तांदळाची पिशवी

मित्रांनो, मी एक जुनी तागाची पिशवी आहे. लगेच नाक मुरडू नका! हल्ली माझ्यात कांदे भरलेले असतात, माझा एक बंद लाल दोऱ्याने शिवलेला आहे आणि पोटावरच्या अक्षरांपैकी 'परिषद' आणि 'मुरबाड' एवढंच कसंबसं वाचता येतं. पण एके काळी मला खांद्याला लावून प्राध्यापक मंडळी फोटो काढून घेत होती, हे विसरू नका.

माझा जन्म शहापूर तालुक्यातल्या शेणवे गावाजवळच्या एका वाडीत झाला. मुरबाडच्या एका कॉलेजात मराठीच्या प्राध्यापकांची परिषद भरणार होती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एक पिशवी द्यायची होती आणि ते शिवणकाम वाडीतल्या बायकांच्या बचत गटाला मिळालं होतं. मला शिवलं लहानीने. ती नुकतीच मशीन चालवायला शिकली होती. भाताची झोडणी आटोपली की ती पडवीत बसायची आणि जीभ दातांत धरून टीप मारायची. त्या नादात माझा एक बंद दुसऱ्यापेक्षा आखूड झाला. मला ते कळलं होतं, पण सांगणार कसं?

पिशव्या टेम्पोत चढवायच्या दिवशी लहानी एकदम थांबली. गटाच्या प्रमुख मीनाताईंना म्हणाली, "ताई, पावन्याच्या हातात रिकामी पिशवी कशी देवाची? आमी तर शेजारणीचं भांडंसुदा रिकामं परत देत नाय."

"खरंच की गो! माज्या ध्यानातच नाय आलं."

मग काय, घराघरांतून नवा तांदूळ आला. प्रत्येक पिशवीत एकेक मूठ पडली. माझ्यात लहानीने स्वतःच्या हाताने तांदूळ घातला. खरं सांगते, मला अगदी जेवून उठल्यासारखं वाटलं.

कॉलेजात आमच्या पोटात फायली आणि पेनं कोंबली गेली. घाई इतकी की आत कोणी डोकावलंच नाही. मग व्हायचं तेच झालं. सभागृहाची फरशी नवी, गुळगुळीत. पाहुण्यांनी फायली ओढून काढल्या आणि फरशीवर तांदूळ पसरला. उद्घाटनाला आलेले वयस्कर गृहस्थ त्यावरून घसरले आणि त्यांचं मनगट मुरगळलं. परिषदेची सगळी जबाबदारी शेखर सरांवर होती. बिचारे दिवाळीपासून तिच्यासाठी धावत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी तिथूनच मीनाताईंना फोन लावला.

"पिशव्यांत धान्य? हे काय रेशनचं दुकान आहे? पुढच्या वेळी तुम्हाला काम द्यायचं की नाही, याचा मला विचार करावा लागेल!"

उरलेल्या सगळ्या पिशव्या मागच्या अंगणात नेऊन झटकल्या. चिमण्यांची चंगळ झाली.

माझी झडती मात्र चुकली. बार्शीहून आलेल्या वैष्णवी मॅडम मला घेऊन केव्हाच पुढच्या रांगेत जाऊन बसल्या होत्या. ही त्यांची पहिलीच परिषद होती. त्यांनी आपला निबंध घाबरत घाबरत वाचला, टाळ्याही बऱ्यापैकी मिळाल्या आणि जेवण झाल्यावर त्या मला खांद्याला अडकवून गाव बघायला निघाल्या. झेरॉक्सच्या दुकानांपुढे पोरापोरींची झुंबड, एसटी स्टँडवर वडे तळल्याचा वास, भाजीवाल्यांचा गलका. मला तर जत्रेला आल्यासारखं वाटत होतं. आखूड बंद मॅडमच्या खांद्यात रुतत होता, तेवढं सोडलं तर सहल छान चालली होती. चहाच्या टपरीवर त्यांनी पेन शोधायला हात घातला आणि मुठीत आले तांदूळ.

"म्हणजे वापरलेली पिशवी दिली की काय मला?" त्या पुटपुटल्या. मित्रांनो, मला इतका राग आला म्हणून सांगू!

परिषदेला आलेल्या बायकांची राहायची सोय गावातल्या घरांमध्ये केलेली होती. वैष्णवी मॅडम सकुबाईंकडे उतरल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी ते तांदूळ सकुबाईंना दाखवले. सकुबाईंनी दाणे तळहातावर घेतले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बाय, पावन्याला पिशवी रिकामी देत नाय आमच्यात, म्हून घातलेत. माज्या भावाच्या पोरीनं, लहानीनं, काढलेली ही गोष्ट. आता सगळ्या तिलाच बोलतात, तुज्यापायी काम गेलं म्हून. मगाशी फोनवर रडत व्हती. मशीनला पुन्ना हात लावाची नाय म्हनते."

मॅडमनी मला उलटी करून कोपऱ्यातले उरलेले दाणेही काढले. मग म्हणाल्या, "मावशी, हे तांदूळ आज आपल्या भातात घाला."

दुसऱ्या दिवशी परिषद संपली. मुरबाडहून शहापूरला जाणारी एसटी शेणव्यावरून जाते. आसनगाव स्टेशनला पोचून पुढची रेल्वे गाठायची होती, तरी मॅडम शेणव्यात उतरल्या आणि विचारत विचारत वाडीत आल्या. पडवीत मशीनवर गोधडी टाकलेली होती. लहानी बाहेर आली. मला पाहून तिचा चेहरा पडला.

"परत देवाला आलात ना? चुकी झाली माजी."

"परत द्यायला आले, पण रिकामी नाही आणली," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या घरचा भात मी काल जेवले. आता रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

माझ्यात त्यांच्या आईने प्रवासासाठी बांधून दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी होती. लहानीने भाकरी हातात घेतली, बोटाने वाजवून बघितली आणि हसली. हसता हसता रडली. मग भाकऱ्या घरात ठेवायला तिने मला उचललं आणि तिचा हात थबकला.

"अगो बाय! हा बंद आखूड झालाय! खांद्याला लागत नाय का तुमच्या?"

तिने गोधडी बाजूला केली. मशीनला लाल दोरा होता, तोच चालवला. बंद उसवून तिने पुन्हा नीट टीप मारली. सुई टोचत होती, पण मशीनचा तो खडखडाट ऐकून मला इतका आनंद झाला की विचारू नका. निघताना तिने माझ्यात पुन्हा मूठभर तांदूळ घातला, या वेळी सागाच्या पानात बांधून. "आता नाय सांडाचा," म्हणाली.

मॅडमनी शेणव्याच्या थांब्यावरून शेखर सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "माझी आईसुद्धा कोणाचा डबा रिकामा परत देत नाही हो. फरशीवर तांदूळ दिसले आणि काल मला तेवढेच दिसले."

पुढच्या परिषदेला मी मॅडमबरोबर पुन्हा मुरबाडला गेले. नव्या कोऱ्या पिशव्या वाडीतूनच आल्या होत्या आणि प्रत्येकीत सागाच्या पानाची पुडी होती. दाराशी स्वतः शेखर सर उभे राहून बजावत होते, "पुडी घरी जाऊन सोडायची! सभागृहात कोणी सोडायची नाही!"

तेव्हापासून दर परिषदेला मी बार्शीहून भाकऱ्या नेते आणि तांदूळ आणते. मधल्या काळात खुंटीला लटकून कांदे सांभाळते. आता माझा तळ उसवलाय. परवा शेजारच्या बाई म्हणाल्या, "टाकून द्या की ही, ढीगभर नव्या मिळतात." मित्रांनो, मिळतात हो! पण मला शिवताना कोणीतरी जीभ दातांत धरली होती. तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल. ती फाटली तर आधी दोन टाके घालून बघा.

मॅडमनी लगेच माझ्यातले कांदे काढले, मला उन्हात झटकलं आणि आत हाक मारली, "आई, परवा मुरबाडला निघायचंय. पिशवी लहानीकडे टाके घालायला नेतेय."

आज आईने ज्वारीचं पीठ मळायला घेतलं आहे.